फ्लूची लस आणि ती देणारा कोल्हापूरच्या राजारामपुरीतला दवाखाना : पाचपैकी चार तारे

आधी निकाल सांगून टाकते. फ्लूची लस घ्यावी का? घ्यावी. या दवाखान्यात घ्यावी का? घ्यावी, पण हाताशी वेळ ठेवून जावं. पाचपैकी चार तारे. जो एक कापलाय तो बाकड्यांसाठी आणि न उचललेल्या फोनसाठी. लशीत आणि लस देण्याच्या पद्धतीत मला खोट काढता आली नाही, आणि खोट काढण्यात मी कमी नाही, आमच्या भाजीवाल्याला विचारा.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टर मॅडमनीच हात जोडले, "नाव टाकू नका हो, फोन सुरू होतील आणि फोन घ्यायला माझ्याकडं माणूस नाही." जनता बाजार चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आतल्या गल्लीत आहे. बाकीच्यांनी आपापल्या भागातल्या दवाखान्यात काय बघायचं ते यातून घ्यावं, म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय.

मी मेस चालवते. बाहेरगावची पोरं-पोरी, एक-दोन बँकवाले, नोकरीला लागलेली पण अजून बिऱ्हाड न थाटलेली माणसं दोन वेळा जेवायला येतात, शिवाय दुपारचे डबे उद्यमनगरात जातात. गेल्या वर्षी भर श्रावणात एक मेंबर तापला. मग त्याच्या रूमवरचे. मग चपात्या लाटणाऱ्या मावशी, मग डबे पोचवणारा पोरगा आणि शेवटी घरात सासूबाई. सासूबाईंना साखर आहे. ताप चढला तशी साखरही चढली आणि त्यांना ॲडमिट करावं लागलं. मेसला कुलूप. मेंबर लोकांनी त्या दिवसांचे पैसे कापून घेतले, त्यांचं बरोबरच आहे, पण किराणावाला आणि जागामालक काही कापून देत नाहीत. यंदा पाऊस लागायच्या आत काहीतरी करायचं हे तेव्हाच ठरलं.

पहिली चौकशी केली एका मेडिकलमध्ये. "थांबा वहिनी, इथंच टोचून देतो की, पोरगा आहे आपला." त्यांनी फ्रीज उघडला तर वर कोल्ड्रिंकच्या बाटल्या, मधल्या कप्प्यात कुणाचा तरी जेवणाचा डबा आणि दाराच्या कप्प्यात लशीची खोकी. मी रोज चिकन-मटण फ्रीजमध्ये ठेवणारी बाई. दार दिवसातून किती वेळा उघडतं आणि दारातल्या कप्प्याला गारवा किती लागतो हे मला कुणी शिकवायला नको. "मालकांना विचारून येते" म्हटलं आणि बाहेर पडले. मेडिकल कुठला ते विचारू नका.

आता या दवाखान्याचा फ्रीज. मॅडमच्या खुर्चीमागं छोटा फ्रीज आहे, त्यात लशींशिवाय काही नाही. तापमापकाची वायर आत सोडलेली आणि आकडा बाहेर दिसतो. मी बघितला तेव्हा ४.६ होता. शेजारी खिळ्याला सुतळीनं बांधलेली वही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तापमान लिहायचं, पुढं सही. मी मागची पानं चाळली. एका रविवारची नोंदसुद्धा होती, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी येऊन बघून गेलंय. ही लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. गरम झाली तर तिची ताकद जाते हे आपल्याला कळतं, पण एकदा गोठली तरी ती बाद होते आणि फेकून द्यायची, हे मला नवीन होतं. म्हणून खोकी बर्फाच्या कप्प्यापासून लांब, मधल्या जाळीवर. दाराच्या कप्प्यात पाण्यानं भरलेल्या बाटल्या, लाइट गेली तर आतला गारवा टिकावा म्हणून. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहिलेलं, "पिऊ नये". मी त्या क्षणीच ठरवलं, टोचून घ्यायचं तर इथंच.

सिस्टरनं खोकं बाहेर काढून माझ्या हातात दिलं. "ताई, तारीख तुम्हीच वाचा." मुदतीची तारीख ठीक होती, पण खोक्यावर 'दक्षिण गोलार्ध' असं काहीतरी छापलेलं. म्हटलं, आपण तर उत्तर गोलार्धातले, हा माल दुसरीकडचा तर नाही? मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी नीट समजावलं. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो. त्यामुळं जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते की लशीत यंदा कोणते विषाणू घाला: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत येतो. आपल्याकडं तो दोनदा डोकं वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि दुसऱ्यांदा पावसाबरोबर, जुलै ते सप्टेंबर. पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये लस घ्यायची तर तेव्हा बाजारात ताजी असते ती दक्षिणेचीच. नकाशावर आपण कुठंही असू, कोल्हापुरात फ्लू पावसाचं वेळापत्रक बघून येतो.

दुसरा प्रश्न होता तीन विषाणूंवरची लस घ्यायची का चार विषाणूंवरची, याचा. मेडिकलवाल्यानं छाती ठोकून सांगितलेलं, "चारवाली घ्या, तीनवाली जुनी झाली." झालंय उलटं. लशीत दोन ए जातीचे विषाणू असतात, एच१एन१ आणि एच३एन२, आणि आधी बी जातीचे दोन असायचे, व्हिक्टोरिया आणि यामागाता. त्यातला यामागाता मार्च २०२० नंतर जगात कुठं खात्रीनं सापडलेलाच नाही. कोरोनाच्या काळात सगळे घरात बसले, तोंडं झाकली, त्यात तो संपला असं दिसतंय. म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की त्याला लशीत ठेवायची गरज उरलेली नाही. तेव्हा तीनवाली मिळाली तर कुणी तुम्हाला स्वस्तातली ढकलतंय असं समजू नका, आणि चारवाली मिळाली तरी बिघडत नाही.

एच१एन१ म्हणजे आपण ज्याला अजून स्वाइन फ्लू म्हणतो तोच. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला तेव्हा कोल्हापुरातसुद्धा माणसं तोंडाला रुमाल बांधून एसटीत बसत होती, ते मला चांगलं आठवतं. तो विषाणू गेला नाही, दरवर्षीच्या फ्लूत मिसळून गेला. आजही एखाद्याच्या रिपोर्टवर एच१एन१ दिसलं की गल्लीत कुजबुज सुरू होते आणि त्या घरात कुणी जात नाही. मॅडमचं म्हणणं, घाबरायचं तर ए जातीच्या दोन्ही विषाणूंना सारखंच घाबरा. २०२३ च्या मार्चमध्ये पलीकडं कर्नाटकात हसन जिल्ह्यात माणूस गेला तो एच३एन२ नं.

पैसे. माणशी दोन हजारांच्या जरा आत पडले, टोचणावळ धरून. आम्ही घरचे, मावशी, डब्याचा पोरगा आणि धाकटी जाऊ असे मिळून गेलो, तरी सूट दिली ती नावाला. मी घासाघीस केली, उपयोग झाला नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले नाहीत आणि पावतीवर लशीचा बॅच नंबर लिहून दिला, एवढं मान्य. पण पावती मागितल्यावर मिळाली. न मागता द्यायला काय होतं? ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी एक सांगते: २०१५ च्या साथीनंतर आपल्या राज्य सरकारनं गरोदर बायका, साखर आणि रक्तदाबवाले यांना ही लस फुकट द्यायला सुरुवात केली. ती घ्यायची सक्ती नाही आणि साठा असेल तेव्हाच मिळते, म्हणून सरकारी दवाखान्यात आधी विचारून जावं.

टोचण्याआधी बरेच प्रश्न विचारतात. आज ताप आहे का, कुठल्या लशीनं आधी अंगावर गांधी उठली होती का, दम लागला होता का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मावशींना अंडं सोसत नाही, त्या घाबरून मागं सरकल्या. या लशीचा विषाणू बहुतेक वेळा अंड्यात वाढवतात, त्यामुळं पूर्वी फार जपायचे. आता तसं नाही, अंड्याची ॲलर्जी असली तरी देतात. आधीच्या फ्लूच्या लशीलाच जोरदार रिॲक्शन आली असेल तर मात्र देत नाहीत. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. उठू लागलं की सिस्टर डोळे वटारते.

सासूबाईंची स्वारी आत गेली ती कुरकुरतच. "कशाला गं सुई? आमच्या वक्ताला काय हुतं? काढा पिऊन उटायचो की."

मॅडम म्हणाल्या, "आजी, काढा प्या. सुईपण घ्या. गेल्या वर्षी काढा पिऊनच दवाखान्यात झोपला होता ना?"

सासूबाई गप्प. आमच्या घरात त्यांना गप्प बसवणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं, खरं तर त्यासाठीच पाचवा तारा द्यायचा मोह झाला होता. सुई दंडाच्या वरच्या बाजूला, स्नायूत. ०.५ मिलिलिटर, म्हणजे औषध काही फार नसतं. सिरिंज भरलेलीच येते, कुपीतून ओढायचा प्रकार नाही. "झालं बी?" एवढंच म्हणाल्या.

धाकट्या जावेला सातवा महिना. तिला घेऊन गेले म्हणून शेजारच्या काकूंनी मला फैलावर घेतलं, "पोटुशी बाईला सुया टोचत्यात व्हय?" मॅडमचं उत्तर काकूंनाही ऐकवलं. गरोदरपणी फ्लू झाला तर तो जास्त अंगावर येतो. ही लस कुठल्याही महिन्यात चालते, आणि आईच्या अंगात तयार झालेली ताकद बाळाला मिळते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, तेव्हा त्याला वाचवायचा हाच रस्ता. काकूंना पटलं का माहीत नाही, पण नंतर त्यांनी लशीची किंमत विचारली.

आता दवाखान्याबद्दल मला मनापासून आवडलेली गोष्ट. मॅडम लशीची बढाई मारत नाहीत. मी सरळ विचारलं, दोन हजार घालून फ्लू होणार नाही ना? म्हणाल्या, होऊ शकतो. विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला बसला त्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के बचाव. म्हाताऱ्या माणसांत त्याहून कमी. पण ज्याला लस घेऊनही होतो त्याचं ॲडमिट होण्यावर जाण्याचं प्रमाण घटतं, आणि सासूबाईंसाठी मला तेवढंच हवं होतं. ताकद यायला दोनेक आठवडे जातात. त्या काळात लागण झाली तर लशीला दोष देऊन उपयोग नाही. आणि दरवर्षी घ्यायची, कारण विषाणू बदलतो आणि अंगातली ताकदही ओसरते. असं उघड सांगणारा दुकानदार कमीच भेटतो. मी गिऱ्हाइकाला "रस्सा आज जरा पातळ झालाय" असं कधी स्वतःहून सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंचा दंड दुखला, रात्री अंग कसकसलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणठणीत. तेवढ्यात "बघ, लशीनंच फ्लू झाला" हे ऐकून घ्यावं लागलंच. या लशीत विषाणू मेलेला असतो, त्याचे तुकडे असतात. त्यानं फ्लू होणं शक्य नाही. कसकस येते ती अंग त्या तुकड्यांना ओळखायला लागतं म्हणून.

पुढं डब्याच्या पोराला सर्दी झाली आणि तो तावातावानं म्हणाला, "वहिनी, पैसे पाण्यात." त्याला नाक गळत होतं, शिंका येत होत्या, आणि तो गाडी मारत पूर्ण लाइन करून आला होता. फ्लू असा नसतो. गेल्या वर्षी आजारी पडलेल्यांना विचारा. सकाळी ठीक होते, संध्याकाळी १०२ ताप, अंगात काठ्या मारल्यागत दुखणं, कोरडा खोकला, डोकं उचलवत नव्हतं. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण खोकला आणि गळाठा दोन-दोन आठवडे पाठ सोडत नाही. साध्या सर्दीचे विषाणू वेगळे, त्यांच्यावर या लशीचा काही इलाज नाही. पैसे पाण्यात वगैरे काही नाही, त्याच्या पगारातून थोडेच कापले होते.

लशीबरोबर मॅडमनी एक छापील कागद दिला. भाषा शाळेच्या पुस्तकातली, अक्षर बारीक, सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता आलं नाही. पण मजकूर कामाचा. त्यातून मला पहिल्यांदा कळलं की गेल्या वर्षी मेस ओळीनं आडवी का पडली. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, आणि लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देत असतो, पुढं पाच ते सात दिवस. म्हणजे तो पहिला मेंबर जेव्हा हसत-खिदळत पंगतीत बसला होता, शेजारच्याच्या ताटातली पापडी उचलत होता, तेव्हाच वाटप सुरू झालं होतं. खोकताना-बोलताना उडणारे थेंब, आणि तेच थेंब पडलेली कडी, तांब्या, नळाची तोटी. स्टीलवर, प्लॅस्टिकवर हा विषाणू एक-दोन दिवससुद्धा टिकतो.

तर मेसमध्ये काय बदललं ते सांगते, कारण लस एकटीवर सोडून मला चालणार नव्हतं. बेसिनजवळ सगळे पुसायचे तो एक टॉवेल गेला. त्याचा रंग मूळचा कुठला हे मलाही आठवत नव्हतं. आता ज्यानं त्यानं आपला रुमाल आणायचा. बेसिनवर साबण कायम. नुसत्या पाण्याखाली बोटं ओली करून ताटावर बसणाऱ्याला मी नावानं हाक मारते. या विषाणूला वरून चरबीचं पातळ आवरण असतं, साबणानं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो, पण त्यासाठी वीसेक सेकंद चोळावं लागतं. खरकट्या कढईचा ओशटपणा साबणाशिवाय जात नाही हे जिला माहीत आहे तिला हे पटायला वेळ लागत नाही. पाण्याच्या पिंपात ग्लास बुडवायला बंदी, लांब दांड्याचं ओगराळं ठेवलंय. खिडक्या उघड्या, पावसाचा शिडकावा आत आला तरी चालेल. खोकला आला तर कोपराच्या खळग्यात खोकायचं, हातावर नाही, कारण त्याच हातानं पुढं वाढायचा डाव धरायचा असतो.

आणि सगळ्यात महाग नियम: तापलेल्या माणसानं मेसमध्ये यायचं नाही. मेंबरचा डबा त्याच्या रूमवर पोचतो, दारात ठेवायचा. काम करणाऱ्याला भरपगारी सुट्टी, क्रोसिन न घेता पूर्ण एक दिवस ताप आला नाही की मगच कामावर. मावशींना सुट्टीचा पगार मिळतो म्हटल्यावर त्या ताप सांगायला लागल्या. आधी गोळी घेऊन, घाम पुसत पीठ मळायच्या.

पांढऱ्या रश्शाबद्दल विचारल्याशिवाय मी कशी परत येईन! आमच्याकडं सर्दी-तापाला पहिलं औषध तेच: मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं वाटण आणि मिरी. मॅडम म्हणाल्या, जरूर द्या, गरम पातळ पोटात जातं, घशाला आराम पडतो, तापात पाणी कमी पडू द्यायचं नाही हे त्यातून साधतं. विषाणू मात्र त्यानं मरत नाही. मी हे मेंबर लोकांना सांगितलेलं नाही. तापलेल्याच्या डब्यात तांबड्याऐवजी पांढरा जातो, श्रावण असेल तर मुगाचं कढण.

औषधांच्या बाबतीत दवाखाना कडक आहे. आमची पोरं ताप आला की मेडिकलमधून अँटिबायोटिकचं पाकीट आणून मोकळी होतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर नाही. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सरसकट सगळ्यांना देतही नाहीत. साधा ताप-घसा असलेल्या धडधाकट माणसाला घरी झोपवतात, तपासणीसुद्धा करत नाहीत. साखरवाले, दमेकरी, हृदयाचे रुग्ण, पासष्टीच्या पुढचे, लहान मुलं, गरोदर बायका यांना मात्र वाट बघत बसवत नाहीत. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन अजिबात द्यायची नाही, हे त्यांनी कागदावर लाल पेननं अधोरेखित करून दिलं.

आणि धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं, ओठ-नखं निळी दिसली, माणूस गुंगीत जायला लागला, किंवा उतरलेला ताप पुन्हा उसळून आला, तर दवाखान्याची वेळ बघायची नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. लहान मूल प्यायला नको म्हणत असेल, छाती आत ओढून श्वास घेत असेल तर तेच. हा भाग मी मोठ्या अक्षरात लिहून मेसच्या भिंतीवर, दरपत्रकाच्या शेजारी लावलाय. तिथंच सगळ्यांची नजर जाते.

आता कापलेला तारा.

बसायला एकच खोली. एका बाकड्यावर लस घ्यायला आलेली सासूबाईंसारखी माणसं आणि समोरच्या बाकड्यावर खोकणारे. फ्लू टाळायला यायचं आणि तासभर फ्लू असलेल्यांच्या समोर बसायचं, याला काय म्हणायचं? खिडकी होती, ती पडद्यानं झाकलेली. मी उठून पडदा सारला आणि सासूबाईंना मास्क लावून जिन्यात खुर्ची टाकून बसवलं. मॅडमना बोलले, लशीवाल्यांना दुपारची वेगळी वेळ द्या. मान डोलावली. पुढच्या वेळी तसं दिसलं तर मी तारा परत देईन.

दुसरी तक्रार फोनची. माझा मुलगा सात वर्षांचा. नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना पहिल्यांदा ही लस देताना दोन डोस लागतात, मधे चार आठवडे. कार्डावर तारीख लिहून दिली आणि म्हणाले, आम्ही आठवणीचा फोन करू. फोन आला नाही. मी केला तर कुणी उचलला नाही. कॅलेंडरवर मीच गोल केला होता, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी, म्हणून डोस चुकला नाही. ज्या आया कामाच्या रगाड्यात असतात त्यांनी या फोनच्या भरवशावर राहू नये.

पासष्टीच्या पुढच्यांना न्यूमोनियाची वेगळी लस असते, तेही मॅडमनी सासूबाईंना सांगितलं. लगेच गळ्यात मारली नाही, विचार करून या म्हणाल्या. सासूबाईंचा विचार चालू आहे, म्हणजे नाही.

आमचे मालक राहिलेत. "मी तालमीतला माणूस, मला काय होतंय?" मॅडमनी त्यांना १९१८ ची साथ सांगितली. मुंबईच्या बंदरातून शिरलेल्या त्या फ्लूनं देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली, आणि त्यात म्हाताऱ्या-कोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची, हाडापेरानं मजबूत माणसं मोठ्या संख्येनं होती. मालकांनी ऐकून घेतलं, दंडाकडं बघितलं आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून खाली गाडी काढायला गेले. तो पुढचा आठवडा अजून आलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी दहाला उघडतात म्हणतात, सिस्टर सव्वादहाला येते. सोमवारी जाऊ नका, रविवारचे सगळे तापलेले त्या दिवशी येतात. जिना अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघेदुखीवाल्यांना हाताला धरून न्या. दंड वर होईल असे सैल बाह्यांचे कपडे घाला, सासूबाईंच्या घट्ट ब्लाउजपायी आमची पाच मिनिटं गेली. कार्ड चालत नाही; रोख किंवा फोनवरून पैसे. गाडी जिन्याच्या तोंडाशी लावली तर खालचा दुकानदार हॉर्न वाजवून वाजवून वर येतो, चौकातच लावा.